मेडिकल दिसलं की उतरायचं

मंगळवार. श्रावणाचा शेवटचा आठवडा. पाऊस नाही, चांगलंच ऊन.

हजर : प्राजक्ता, नीलेश, मोठा अमोल, लहान अमोल, शबाना आणि बाकी नेहमीची मंडळी. सुलभाताई. मी.

गैरहजर : गजानन. निघाला आहे. पोचलेला नाही.

आमच्याकडे हजेरीची नावं पुकारते प्राजक्ता. वय चोवीस, आवाज फौजदाराचा. नाव घेतल्यावर 'हजर' ऐकू आलं नाही, तर त्या माणसाला ती खुर्चीवरून उठवते आणि पुन्हा बसवून परत नाव घेते. ती पुकारते, मी लिहिते. त्या मंगळवारी गजाननचं नाव तिने पुन्हा पुन्हा घेतलं आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, खाडा लिहा." मी खाडा लिहिला नाही. वर दिलंय तेच वाक्य लिहिलं आणि सुलभाताईंना म्हटलं, "चपला घाला."

सव्वीस वर्षांचा माणूस बडनेऱ्याहून अमरावतीला यायला निघाला आणि त्याला उशीर झाला, तर एवढं घाबरायचं काय? सांगते. पण त्याआधी आमचं काम काय, ते सांगायला हवं. कारण आमच्या गल्लीतल्या लोकांनाही ते अजून नीट माहीत नाही.

ज्यांना लोक मतिमंद म्हणतात आणि हल्ली सरकारी कागदावर बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती म्हणतात, त्यांच्यातल्या अठरा वर्षं उलटलेल्यांसाठी आमचं केंद्र आहे. राजापेठेच्या मागच्या गल्लीत तळमजल्याचं भाड्याचं घर आहे. सकाळी यायचं, चार वाजता घरी जायचं. मधल्या वेळात फुलवाती वळायच्या, उटण्याची पाकिटं भरायची, रोज एक पदार्थ स्वतः करून खायचा, भांडी घासायची, बाजारातून भाजी आणायची, भांडायचं, समेट करायचा. थोडक्यात, बाकीची माणसं दिवसभर जे करतात तेच.

मी आधी अकोल्याला विशेष मुलांच्या शाळेत होते. शाळा चांगली होती. पण मूल अठराचं झालं की शाळा संपते, आणि त्याच्यापुढे काय याचं उत्तर कोणाकडे नसतं. आमचा एक विद्यार्थी बटणं लावायचा, बूट बांधायचा, दुकानातून दूध आणायचा. शाळा सुटल्यावर तो घरी बसला. काही वर्षांनी एका लग्नात तो दिसला, तेव्हा त्याची आई त्याच्या शर्टाची बटणं लावून देत होती. कोणी रागावलं नव्हतं, कोणी छळलं नव्हतं. त्याला काही करायची वेळच आली नव्हती, इतकंच. त्या लग्नातला मठ्ठा मला गोड लागला नाही. अमरावतीत हे केंद्र निघतंय असं कळल्यावर मी विचारायला आले, ती इथलीच झाले.

केंद्रात लोक आम्हाला भेटायला येतात, त्यांच्याबद्दल वेगळा लेख होईल. सगळ्यात जास्त येतात ते वाढदिवसवाले. एक सद्गृहस्थ फुगे, केक आणि कागदी टोप्या घेऊन आले. "मुलांना माझ्या हाताने केक भरवायचाय," म्हणाले. मुलं म्हणजे कोण, तर मोठा अमोल. वय तीस, मिशा कल्लेदार. त्याच्या डोक्यावर त्यांनी टोपी ठेवली. अमोलने ती काढून नीट न्याहाळली.

"काका, वाढदिवस कोनाचा?"

"माझा, बेटा."

"मंग टोपी मले काहून?"

गृहस्थ मोठ्या मनाचे निघाले. पोट धरून हसले आणि टोपी स्वतः घालून बसले. तेव्हापासून आमचा नियम आहे, की वाढदिवस करायचा असेल त्याने आधी तासभर आमच्यासोबत वाती वळायच्या. लोक आनंदाने वळतात. त्यांच्या वाती शबाना नंतर गुपचूप उकलते आणि पुन्हा वळते.

आता आमच्या शिकवण्याची एक रीत. आम्ही उलटीकडून शिकवतो. शर्टाची बटणं घ्या. वरपासून सुरू केलं, तर शिकणारा दुसऱ्या बटणाला कंटाळतो आणि शर्ट अर्धाच राहतो. म्हणून सगळी बटणं आम्ही लावतो, फक्त शेवटचं त्याने लावायचं. शर्ट पूर्ण होतो तो त्याच्या हातून. ते जमलं की शेवटची दोन. मग तीन. काम कोणतंही असो, पुरं केल्याचं सुख त्याला पहिल्या दिवशीच मिळतं, आणि सुख मिळालेला माणूस दुसऱ्या दिवशी आपणहून हात पुढे करतो.

वाटेत माणसं घेत-सोडत जाणाऱ्या सवारी ऑटोने गजाननला एकटं यायला आम्ही असंच शिकवलं.

गजानन बडनेऱ्याचा. वडील नाहीत, बहीण लग्न होऊन मूर्तिजापूरला. घरी आई, कमलबाई. त्या त्याला रोज ऑटोत घालून आणायच्या आणि चार वाजता न्यायला यायच्या. जायचे-यायचे हेलपाटे नकोत म्हणून कितीदा तर दिवसभर आमच्या ओसरीवरच बसून राहायच्या. उन्हाळ्यात एकदा त्या पदराने वारा घेत माझ्यासमोर येऊन बसल्या.

"मॅडम, आमच्या तिकडच्या शाळेत खिचडी शिजवाले बाई पाह्यजे. मले विचारलं त्याइनं."

"मग छान की! घ्या."

"सकाळपासून दुपारलोक तिथंच राहा लागते. मंग याले कोन आनन?" त्यांनी ओसरीकडे पाहिलं. गजानन खुर्च्या ओळीत लावत होता. "याले एकट्याले येता येईन का? येत असन तर मी हाव म्हनतो. नाईतर नाई म्हनून सांगतो."

त्या कामाने त्यांचा चेहरा कसा उजळला होता, ते मला दिसत होतं. इतक्या वर्षांत 'गजाननची आई' सोडून त्यांना कोणी काही म्हटलं नव्हतं. आणि काम घेतलं आणि गजाननला येता आलं नाही, तर तो दिवसभर कडी लावलेल्या घरात बसणार, हेही मला दिसत होतं. अकोल्याचं ते लग्न आठवलं. मी म्हटलं, "हो सांगा. याला आम्ही शिकवतो."

म्हणून उन्हाळाभर आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आधी फक्त ऑटोतून उतरून कोपऱ्यापासून फाटकापर्यंत चालत यायचं. ते जमल्यावर एक थांबा आधी बसायचं. मग त्याच्याही आधी. सुलभाताई सोबत असायच्या. त्या आमच्या मदतनीस, मूळच्या तिवशाच्या, बोलायला फटकळ आणि कामाला खंबीर. एरवी सकाळी केंद्र उघडायचं काम त्यांचं. त्या बडनेऱ्याला जायला लागल्या, तेव्हा ते मी घेतलं. हे कायमचं जमण्यासारखं नव्हतं, पण शिकवणं संपेपर्यंत चालण्यासारखं होतं.

अडचण उतरण्याची होती. ऑटो जिथे थांबेल तिथे गजानन म्हणायचा, "भाऊ, थांबवा." ऑटो थांबलेलाच असायचा, त्यामुळे ऑटोवाले बुचकळ्यात पडायचे. मग आम्ही खूण शोधली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकलचं दुकान आहे, वर हिरवी पाटी आणि रात्रंदिवस जळणारी हिरवी अधिकाची खूण. त्याला पक्कं सांगितलं, हिरवं मेडिकल दिसलं की "भाऊ, थांबवा" म्हणायचं, त्याच्याआधी बोलायचं नाही. गजाननने ते असं आत्मसात केलं, की सुट्टीच्या दिवशी घरी टीव्हीवर औषधाची जाहिरात लागली तरी उठून उभा राहायचा, असं कमलबाई सांगतात.

पुढची पायरी म्हणजे सोबत न जाता मागून नजर ठेवायची. सुलभाताईंनी इथल्या उन्हात सगळ्याच बायका बांधतात तसा तोंडाला ओढणीचा स्कार्फ गच्च बांधला, वर गॉगल लावला आणि त्याच ऑटोत अनोळखी बाईसारख्या जाऊन बसल्या. गजानन जरासा सरकला.

"सुलभाताई, नीट बसा ना. गरम नाई होऊन रायलं का त्याच्यात?"

सगळा ऑटो हसला. त्यानंतर त्या मागच्या ऑटोतून यायला लागल्या. तेही काही दिवसांनी बंद केलं. कमलबाई शाळेत रुजू झाल्या होत्या, पहिल्या पगाराचे पेढे वाटून झाले होते आणि गजानन एकटा येत होता. आणि मग तो श्रावणातला मंगळवार उजाडला.

सुलभाताई चपला घालून कोपऱ्यावर गेल्या. बडनेऱ्याच्या स्टँडवर गजानन ज्याच्या टपरीसमोर ऑटोत बसतो, त्या पानवाल्याला मी फोन लावला. तो म्हणाला, "बसला ना मॅडम, मघाच बसला." म्हणजे बसला होता. मग उतरला कुठे? मी फोन ठेवते तोच सुलभाताईंची आरोळी गल्लीतून ऐकू आली. मागोमाग एक ऑटो आमच्या दारात आला. पुढच्या सीटवर, ऑटोवाल्याच्या शेजारी, गजानन. चेहऱ्यावर कसलीही काळजी नाही. उतरला, आत गेला, हात धुतले आणि वातींच्या पाटापाशी बसला.

"ताई, लेट लिहा," प्राजक्ता म्हणाली.

ऑटोवाले बब्बूभाई मात्र घामाघूम होते. सुलभाताईंनी पाणी दिलं, ते एका दमात पिऊन त्यांनी सांगायला सुरुवात केली.

"काय सांगू मॅडम. राजापेठ मांगं गेलं, आखरीच्या थांब्यावर, राजकमलले, सगळ्या सवाऱ्या उतरल्या, हा उतरेच ना. म्हनलं, भाऊ, उतर ना. तर म्हने, मेडिकल नाई आलं. मले वाटलं बिमार आहे. दवाखान्यात नेतो म्हनलं, तर म्हने, बिमार नाई, मेडिकल पाह्यजे. समोरचं मेडिकल दाखवलं, तर म्हने, हे नाई, आपलं! मंग काय करता? सवाऱ्या भरल्या, याले संग घेऊन बडनेऱ्याले गेलो, अन् पुन्हा आलो. ह्या बाईनं आडवं होऊन रोखलं म्हून, नाईतर मी दिवसभर फिरवत होतो याले."

"पण आमचं मेडिकल तर कोपऱ्यावरच आहे!"

"कुठी आहे?" सुलभाताई म्हणाल्या. "या इकडे, पाहा."

कोपऱ्यावर रातोरात एक फ्लेक्स उभा राहिला होता. कुठल्याशा भाऊंना वाढदिवसाच्या शुभेच्छा. भाऊ हात जोडून, गॉगल लावून, दोन मजले उंच. त्यांच्या पोटामागे आमचं मेडिकल पाटीसकट गडप झालं होतं.

मी परत येऊन गजाननसमोर बसले. त्याच्या खिशात आमच्या फोन नंबरचं कार्ड असतं. हरवलास तर कोणालाही दाखव, असं सांगितलेलं असतं.

"गजानन, कार्ड का नाही दाखवलंस?"

तो वात वळत म्हणाला, "कार्ड हरवल्यावर दाखवाचं. मी कुठी हरवलो? मी तं ऑटोत होतो."

आम्ही जे शिकवलं ते त्याने अक्षरशः पाळलं होतं. वाढदिवस भाऊंचा, चूक आमची, आणि फेऱ्या बब्बूभाईंच्या.

दुपारी कमलबाई आल्या. शाळेतून तशाच निघाल्या होत्या, बोटांना हळद लागलेली होती. पानवाल्याने त्यांना सांगितलं होतं. त्या आधी गजाननच्या डोक्यावरून हात फिरवून आल्या, मग माझ्याकडे.

"बस झालं, मॅडम. उद्या शाळेत सांगून येतो, दुसरी बाई पाहा म्हून."

"कमलबाई, तो हरवला नव्हता."

"आज नव्हता." त्या खाली बसल्या. "आज बब्बूभाई होते. उद्या दुसरा असन."

मी फक्त मुदत मागितली. गणपती बसेपर्यंत तुम्ही शाळेत काही सांगू नका, तोवर सुलभाताई त्याला आणतील. गणपतीच्या आधी तो एकटा नीट आला तर ठीक, नाहीतर तुम्ही म्हणाल तसं. त्यांनी बराच वेळ बोटावरची हळद नखाने खरवडली. "गनपतीलोक," म्हणाल्या आणि उठल्या.

संध्याकाळी मी आणि सुलभाताई चहा घेऊन बसलो. दुसरी खूण कोणती शोधायची, हे मी कागदावर लिहायला घेतलं. सुलभाताई म्हणाल्या, "मॅडम, या गावात भिंत दिसते तिथं फोटो लागते. कोन्ती बी खून सांगा, झाकनारच." खरं होतं. ऑटोत झाकलं न जाणारं एकच असतं, ते म्हणजे माणसं. आणि आपल्या वऱ्हाडातली माणसं! शेजारी बसलेल्याचं गाव, आडनाव आणि सासुरवाडी कळल्याशिवाय त्यांना प्रवास पचत नाही. गजाननने नुसतं विचारायचं, "राजापेठ आलं का?"

पण गजानन अनोळखी माणसाशी आपणहून बोलत नाही; कोणी विचारलं तर तेवढं उत्तर, आणि आम्ही पाठ करून घेतलेलं 'भाऊ, थांबवा', बस. हे त्याला कमलबाईंनीच शिकवलेलं, आणि कारण होतं. शाळकरी वयात स्टँडवरच्या काही टारगटांनी त्याला रोज गोळा होऊन नाचायला लावलं होतं, आणि तो बिचारा कौतुक समजून नाचत होता. कमलबाईंनी एकदा ते पाहिलं. तेव्हापासून घराबाहेर तोंड मिटलेलं. ते उघडायचं, तर आधी त्यांची परवानगी हवी होती. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ऑटोतच विचारन ना? स्टँडवर नाई?"

"फक्त ऑटोत. फक्त एकच प्रश्न."

"मंग शिकवा."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये खुर्च्यांचा ऑटो लागला. ऑटोवाली अर्थातच प्राजक्ता. दोन्ही अमोल, शबाना, नीलेश सवाऱ्या.

"राजापेठ आलं का?" गजाननने भिंतीकडे बघत विचारलं.

"नाई आलं. चूप बस!" प्राजक्ता म्हणाली.

गजानन चूप बसला तो बसलाच. राजापेठ आलं, गेलं, सवाऱ्या उतरून चहा प्यायला गेल्या. एकदा विचारायला सांगितलं होतं, त्याने एकदा विचारलं होतं. म्हणून नियम बदलला. ऑटो थांबला की विचारायचं, दर वेळी. आणि प्राजक्ताला समज दिली, की ऑटोवाल्याने सवारीला 'चूप बस' म्हणायचं नाही. "बब्बूभाई म्हनत असन ना," ती म्हणाली. बब्बूभाईंना एकदा बोलावून तिची खात्री पटवावी लागली. ते खुर्च्यांच्या ऑटोत मागे बसले आणि प्राजक्ताने त्यांना राजकमलला नेऊन सोडलं.

मग खऱ्या ऑटोत सराव. सुलभाताई येऊन सांगायच्या. सिग्नलला थांबला की विचारतो, गाय आडवी आली की विचारतो, ऑटोवाला थुंकायला थांबला तरी विचारतो. आणि लोक उत्तरं देतात! सगळे एका सुरात. "नाई आलं रे बाबू!" एक म्हातारा तर म्हणाला, "बाप्पा, तू झोप, मी उठवतो." पण सुलभाताई शेजारी होत्या. त्या नसताना काय, हे कळायचं होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी गजाननला एकटं पाठवलं. मागे ऑटो नाही, स्कार्फ नाही, पानवाल्याला फोन नाही. मी फाटकाशी उभी राहणार नाही असं ठरवलं होतं आणि उभी राहिलेही नाही. उटण्याच्या पाकिटांना लेबलं लावायला बसले. नंतर नीलेशने दाखवलं, की सगळी उलटी लावली होती.

प्राजक्ताने हजेरी सुरू केली. गजाननचं नाव जवळ आलं, तसा तिचा आवाजही बारीक झाला. आणि फाटक वाजलं.

गजानन एकटा नव्हता. त्याच्यामागे एक म्हाताऱ्या बाई होत्या, हातात पिशवी, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. आत आल्या, इकडेतिकडे पाहिलं, वातींच्या ढिगाकडे पाहिलं.

"हाच डोयाचा दवाखाना काय वं?"

बाई मूर्तिजापूरहून आल्या होत्या. बडनेऱ्याला रेल्वेतून उतरून ऑटोत बसल्या, त्यांनाही राजापेठेतच उतरायचं होतं, पण कुठे ते ठाऊक नव्हतं. शेजारचा पोरगा दर थांब्याला राजापेठ विचारतोय म्हटल्यावर त्या त्याच्या भरवशावर बसल्या. तो उतरला, त्या उतरल्या. तो चालू लागला, त्या मागे निघाल्या. "म्हनलं, एवढा विचारून रायला, म्हंजे याले नक्की ठाऊक असन," त्या म्हणाल्या.

सुलभाताईंनी त्यांना चहा पाजला आणि दवाखान्यात पोचवून आल्या. गजाननने हात धुतले. "आलं," तो मला म्हणाला. फक्त एवढंच.

मी कमलबाईंच्या शाळेत फोन लावला. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि पोरांचा गलका.

"आला," मी म्हटलं.

पलीकडे त्यांनी आधी पोरांना गप्प केलं. मग त्या म्हणाल्या, "डबा खाल्ला का त्यानं?"

"अजून जेवायची वेळ व्हायची आहे, कमलबाई."

"हाव. मंग खाईन," त्या म्हणाल्या. "मी ठेवतो. माही खिचडी लागून रायली."

शाळेतलं काम त्यांनी सोडलं नाही. गजानन रोज येतो. भाऊंचा फ्लेक्स उतरला, त्याच्या जागी दुसऱ्या भाऊंचा आला, गजाननला त्याचा पत्ताही नाही. ऑटोतल्या नेहमीच्या सवाऱ्या त्याला नावाने ओळखतात. कोणी पेंगत असलं तर तो त्यालाही विचारतो, "तुमचं कोन्तं?" आणि त्याचं ठिकाण आलं की हलवून उतरवतो. ही सवय मोडावी की नाही, यावर आमच्या बैठकीत अजून एकमत झालेलं नाही.

राहिली परत जाण्याची बाजू. चार वाजता कमलबाई अजून न्यायला येतात. शाळेतल्या चुलीपाशी उभं राहून त्यांचे पाय सुजतात, तरी येतात. तो प्रवासही शेवटाकडून शिकवायचा, म्हणजे सुरुवात त्यांच्या दारापासून. आई बाहेर, कुलूप लागलेलं, आणि गजाननने ते उघडून आत जायचं. त्यासाठी त्याच्याकडे किल्ली हवी. मी दुसरी करून आणायला सांगितलं. कमलबाई "हाव" म्हणाल्या. मग म्हणाल्या, कुलूप जुनं आहे, नवीनच घेतो. मग म्हणाल्या, किल्लीवाला गावाला गेला आहे. मी बडनेऱ्याला दुसरा किल्लीवाला शोधून दिला. त्यावर त्या हसल्या आणि गजाननचा हात धरून निघाल्या.

दिवाळीच्या सुट्टीआधीची कामं संपत आली आहेत. उटणं गेलं, वातींची शेवटची खोकी शबानाने काल बांधली. किल्ली अजून आलेली नाही.